मुलांचं तापाचं औषध : वजन, बाटलीवरचा आकडा आणि मधली वेळ

शेवंती

लहान मुलांच्या वॉर्डात औषधं मोजून देणं आणि मूल घरी जाताना आईवडिलांना ती समजावून सांगणं, हे माझं रोजचं काम. तापाच्या औषधाबद्दल हमखास येणारा प्रश्न म्हणजे "किती चमचे द्यायचं?" याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही, आणि कुणी छातीठोकपणे दिलंच तर ते एखाद्या मुलाला महागात पडू शकतं. म्हणून हा धागा.

मुलांना तापासाठी सर्रास दिलं जाणारं औषध पॅरासिटामॉल. त्याचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो : एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांमध्ये निदान ४ तास जायलाच हवेत, ६ गेले तर उत्तम. २४ तासांत चारच्या वर डोस नकोत. म्हणजे दिवसभराचं सगळं मिळून किलोमागे ६० मिलिग्रॅम ही घरच्यासाठीची हद्द धरा.

खरी गोम पुढे आहे. डोस ठरतो मिलिग्रॅममध्ये आणि आपण औषध मोजतो मिलिलिटरमध्ये. या दोन्हींना जोडणारा आकडा फक्त बाटलीवर असतो, आणि तो प्रत्येक बाटलीवर सारखा नसतो. कुठल्या सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं, कुठल्या ५ मिलीत १६०, तर कुठल्या ५ मिलीत थेट २५०. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असू शकतं.

१० किलोचं मूल घेऊ. त्याला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम हवं. १२५ वाल्या सिरपमधून ते ४ ते ६ मिली होतं. २५० वाल्यातून २ ते ३ मिली. ड्रॉप्समधून १ ते दीड मिली. आता याच मुलाला कुणी "५ मिली दे" एवढंच ऐकून औषध पाजलं, तर पहिल्या बाटलीतून १२५ मिलिग्रॅम जाईल, ते बरोबर. दुसरीतून २५० जाईल, म्हणजे किलोमागे २५. आणि ड्रॉप्सच्या बाटलीतून ५ मिली गेलं तर ५०० मिलिग्रॅम, किलोमागे ५०! असे दिवसातून चार डोस झाले तर यकृताला इजा होऊ शकेल इतकं औषध त्या एका दिवसात पोटात गेलेलं असेल. पुष्कळांना वाटतं की ड्रॉप्स बाळांचे, म्हणजे सौम्य असणार. ते उलट जास्त दाट असतात, कारण तान्ह्या बाळाला थोडंसंच पाजता येतं.

तेव्हा खोक्यावर मोठ्या अक्षरात काय छापलंय ते बाजूला ठेवा आणि "प्रत्येक ५ मिलीमध्ये" किंवा "प्रत्येक मिलीमध्ये" ही बारीक अक्षरातली ओळ शोधा. ती वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

काजवा

ताई, फार गरजेचा विषय. दोन शंका. वजनकाट्यावर मूल स्थिर उभंच राहत नाही, मग वजन कसं घ्यायचं? आणि खोक्यावर वयाचा तक्ता असतो, तो पाहिला तर चालत नाही का?

शेवंती

वजनासाठी आधी मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटं. दोन्हींतला फरक म्हणजे मुलाचं वजन. औषधाच्या हिशोबाला एवढी अचूकता पुरते. मूल निरोगी असतानाच हे करून ठेवा, रात्री अंग भाजत असताना ते सुचत नाही.

वयाचा तक्ता अगदीच टाकाऊ नाही, पण तो त्या वयाच्या सरासरी मुलासाठी केलेला असतो. मूल वयाच्या मानाने बारीक असेल तर तक्त्यातला डोस त्याला जास्त होऊ शकतो, आणि नेमकं अशक्त मूलच जास्तीचं औषध सोसू शकत नाही. याउलट मुलाचं वजन बरंच जास्त असेल तर काट्यावरच्या आकड्याला सरळ १५ ने गुणू नका. चरबीच्या वजनामागे डोस वाढवत न्यायचा नसतो, तिथे डॉक्टरांकडून आकडा घ्या.

नदीकाठ

मोजायला काय वापरता? आमच्याकडे बाटलीबरोबर आलेली झाकणं कुठल्या कुठे जातात आणि मग स्वयंपाकघरातला चमचा हाताशी येतो.

शेवंती

स्वयंपाकघरातला चमचा औषधासाठी नकोच. औषधाच्या भाषेत छोटा चमचा ५ मिलीचा आणि मोठा १५ मिलीचा. छोट्याच्या जागी मोठा घेतला की डोस तिप्पट. घरातल्या चमच्यांना तर असं कुठलंच ठरलेलं माप नसतं.

सुई नसलेली, तोंडाने औषध पाजायची सिरिंज सगळ्यात चांगली. ५ मिलीची घ्या, तान्ह्यासाठी १ किंवा २ मिलीची. तिच्यावरच्या रेघा डोळ्यांच्या समोर धरून वाचता येतात. पाजताना घशात थेट पिचकारी मारू नका, ठसका लागतो. गालाच्या आतल्या बाजूला टोक ठेवून थोडं थोडं सोडा. आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या औषधाला वापरायचा नाही, कारण तो त्या औषधाच्या दाटपणानुसार आखलेला असतो.

आणखी एक. हे सिरप बहुधा सस्पेन्शन असतं, म्हणजे औषधाची बारीक पूड पाण्यात तरंगत असते आणि बाटली उभी राहिली की तळाशी बसते. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ आणि बाटली संपत येताना तेच औषध जहाल. दर वेळी नीट हलवा.

टिटवी

माझा अनुभव असा की औषध देऊनही ताप उतरतच नाही. १०४ होता, तासाभराने १०२. पुन्हा दोन तासांनी बघावं तर १०२ च. अशा वेळी आणखी अर्धा डोस दिला तर?

शेवंती

देऊ नका. आणि तुमच्या औषधाने काम केलं आहे!

पॅरासिटामॉलचा परिणाम सुरू व्हायला अर्धा ते एक तास जातो, आणि पूर्ण जोर दोन ते तीन तासांनी दिसतो. तो साधारण २ ते ३ फॅरनहाइटने ताप खाली आणतो. म्हणजे १०४ वरून १०२ हा अपेक्षित परिणाम झाला. थर्मामीटरवर ९८.६ यावं ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि ती पुरी करायच्या नादात डोसांवर डोस दिले जातात. जास्तीच्या औषधाचे किस्से मी पाहते त्यांत मुलाच्या काळजीपोटीच बाटली लवकर उघडलेली असते.

औषध दिल्यावर थर्मामीटरपेक्षा मुलाकडे बघा. डोळ्यांत तरतरी आली का, दोन घोट पाणी प्यायलं का, खेळण्याकडे हात गेला का. मुलाला बरं वाटावं, त्याने प्यावं, झोपावं, एवढ्यासाठीच हे औषध आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली डॉक्टरांसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यातही हेच सांगितलंय : मुलाला आराम हा हेतू, आकडा नव्हे. १०१ ताप असलेलं मूल हसतखेळत असेल तर औषध न देताही चालतं.

वाटसरू

इथे मी थोडा असहमत आहे. शेवंतीताई, ताप वाढत गेला तर मेंदूत चढतो, झटके येतात. माझ्या पुतण्याला आले होते, ते दृश्य ज्याने पाहिलंय त्याला "औषध नाही दिलं तरी चालतं" हे पटणं कठीण आहे. आमच्या घरी तेव्हापासून ९९ दिसलं की औषध सुरू होतं.

शेवंती

वाटसरू, तुमची भीती अगदी खरी आहे. तापातले झटके पाहणं फार भयंकर असतं. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

जंतूंशी लढताना शरीर स्वतःच ताप चढवतं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचं तापमान किती ठेवायचं ते ठरवतो. संसर्ग झाला की प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे ही ठरवलेली पातळी वर सरकते. पॅरासिटामॉल हे द्रव्य तयार होणं कमी करतं, म्हणून पातळी खाली येते. हा ताप शरीराच्या ताब्यातला असतो, त्यामुळे संसर्गाचा ताप मेंदूला इजा करण्याइतका सहसा वाढत नाही. कडक उन्हात किंवा बंद गाडीत अडकलेल्या मुलाचं अंग तापतं ते प्रकरण पूर्ण वेगळं. तिथे ताबाच सुटलेला असतो, तो उष्माघात, आणि त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. मुलाला ताबडतोब थंड करणं आणि दवाखाना गाठणं हाच उपाय.

आता झटके. ६ महिने ते ५ वर्षं या वयात, शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना ते कधीतरी येतात. त्या मुलांचा मेंदू तापाला जास्त संवेदनशील असतो, घराण्यात कुणाला आलेले असतील तर शक्यता वाढते. पण तापाचं औषध वेळेवर किंवा आधीच दिलं तर झटके टळतात, असं तपासून पाहिल्यावर दिसलेलं नाही. पुष्कळदा तर झटका येतो आणि मगच कळतं की मुलाला ताप आहे. त्यामुळे ९९ ला औषध सुरू करून संरक्षण मिळत नाही, फक्त डोसांची संख्या वाढते. आणि ९९ हा ताप नव्हेच, १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याच्या वर असेल तर ताप म्हणायचा.

झटका आलाच तर मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, आसपासच्या टणक वस्तू सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. ५ मिनिटांहून जास्त चालला, किंवा एका तापात पुन्हा आला, किंवा मूल नंतर नीट शुद्धीवर येत नसेल, तर तातडीने रुग्णालय. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वाटसरू

कुशीवर वळवायचं हे माहीत होतं, औषधाने टळत नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. घरी वाचून दाखवतो.

माळरान

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून पालटून द्यायचं का? मैत्रिणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिने मला सांगितलं.

शेवंती

तुमच्या मुलासाठी तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तर वेळा लिहून घेऊन द्या. मैत्रिणीच्या मुलासाठी सांगितलेलं असेल तर नको.

आयबुप्रोफेनचा हिशोब वेगळा आहे : किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, दर ६ ते ८ तासांनी. दोन औषधं, दोन डोस, दोन अंतरं, आणि रात्रीची अपुरी झोप. यात गफलत होणं फार सोपं असतं. एक औषध देऊनही मूल कण्हतच असेल तरच दुसऱ्याचा विचार, आणि दोन्ही एकदम तर नकोच.

आयबुप्रोफेनला आणखी पथ्यं आहेत. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर नाही, कारण तेव्हा मूत्रपिंडाला ते सोसत नाही. कांजिण्यांत नाही, त्वचेचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका असतो. डेंगी असण्याची शंका असेल तर मुळीच नाही, रक्तस्रावाची भीती असते. दम्याच्या मुलाला विचारूनच.

पिंपळपान

आमच्या घरात मोठ्यांची तापाची गोळी पाव करून मुलांना द्यायची पद्धत होती. ॲस्पिरिनसुद्धा.

शेवंती

ॲस्पिरिन १६ वर्षांच्या आत तापासाठी कधीही नको. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन दिलं तर राय सिंड्रोम होऊ शकतो. यकृत आणि मेंदू दोन्ही एकदम बिघडतात, जीव जाऊ शकतो. डग्लस राय या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, पुढे त्याचा ॲस्पिरिनशी असलेला संबंध उघड झाला आणि मुलांना ते देणं थांबल्यावर हा आजार फारच दुर्मीळ झाला. हृदयाच्या किंवा कावासाकीसारख्या आजारात डॉक्टर ते मुद्दाम देतात, ती गोष्ट निराळी.

मोठ्यांची गोळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची असते. हाताने मोडलेला पाव तुकडा कधीच बरोबर पाव नसतो. नको.

निमेसुलाइडही लहान मुलांना नको, यकृताच्या त्रासामुळे ते कित्येक ठिकाणी बंद झालं आहे. काही सिरपांत पॅरासिटामॉलबरोबर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन मिसळलेलं असतं. तापासाठी एकच औषध असलेली बाटली मागा, म्हणजे हिशोब एकच राहतो.

सांजवेळ

सर्दीच्या सिरपबद्दलही लिहा ना. आणि मुलाने औषध ओकलं तर परत द्यायचं का?

शेवंती

बरं झालं विचारलंत. सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्रणांत पॅरासिटामॉल आधीच असतं. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून आपल्याला वाटतं की हे ताप सोडून दुसऱ्या कशाचं औषध आहे. मग तापाचं म्हणून वेगळं सिरप, सर्दीचं म्हणून वेगळं, आणि आत एकच औषध दुप्पट. काही देशांत लेबलवर पॅरासिटामॉलऐवजी ॲसिटामिनोफेन छापतात. ते तेच आहे, दुसरं औषध समजून देऊ नका. गुदद्वारातून द्यायच्या कांडीतही तेच असतं, तीही दिवसाच्या चार डोसांत मोजायची. आणि अगदी लहान मुलांना सर्दीच्या मिश्रणांचा फायदा होतो असं दिसत नाही, त्रास मात्र होऊ शकतो.

ओकण्याबद्दल : पाजता पाजताच सगळं बाहेर आलं तर मूल शांत झाल्यावर पुन्हा देता येतं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ झाला असेल तर परत देऊ नका, औषध बरंचसं पुढे गेलेलं असतं. मधल्या वेळेत, किंवा किती बाहेर आलं ते कळत नसेल, तर डॉक्टरांना विचारा. विचारणं शक्य नसेल तर पुढच्या वेळेची वाट बघा. एक डोस कमी पडल्याने मुलाचं काही बिघडत नाही.

नदीकाठ

घरात चार माणसं मुलाला सांभाळतात तिथे "मी दिलं का तू दिलंस" हा घोळ होतो. आम्ही बाटलीलाच कागद चिकटवलाय : वेळ, किती मिली, कुणी दिलं. कागदावर लिहिल्याशिवाय झाकण लावायचं नाही, असा नियम.

शेवंती

फार चांगला नियम. सगळ्यांनी करावा असा.

काजवा

चुकून जास्त दिलं गेलंच तर? लक्षणं काय दिसतात? ती दिसली की लगेच नेता येईल म्हणून विचारते.

शेवंती

काजवा, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. लक्षणांची वाट बघायचीच नाही.

पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे टाकतं. थोड्या भागाचं एक विषारी द्रव्य बनतं, पण यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करतं. डोस बेतात असला की हा साठा पुरतो. औषध जास्त झालं, किंवा दिवसचे दिवस थोडं थोडं जास्त जात राहिलं, की साठा संपतो आणि ते द्रव्य यकृताच्या पेशींवरच तुटून पडतं. मूल उपाशी असेल, कुपोषित असेल, खूप दिवस आजारी असेल तर साठा आधीच कमी असतो.

आणि घात असा की पहिल्या २४ तासांत फारसं काही दिसत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, किंवा तेही नाही. मूल चांगलं खेळतही असतं. यकृताची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडी पडते. पोटात उजव्या बाजूला दुखतं, डोळे पिवळे होतात, गुंगी येते. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन. तो पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर फार चांगलं काम करतो, उशीर होत जाईल तसा त्याचा उपयोग घटतो. म्हणून जास्त दिलंय असं कळलं, किंवा मुलाने बाटली तोंडाला लावलेली सापडली, की मूल ठणठणीत दिसत असलं तरी लगेच रुग्णालय किंवा विष-माहिती केंद्र. घरी उलटी काढायला जाऊ नका. बाटली बरोबर न्या, केव्हा आणि अंदाजे किती गेलं ते सांगा. तिथे रक्त तपासून औषधाची पातळी बघता येते.

टिटवी

तान्ह्या बाळाचं काय? बहिणीचं बाळ दोन महिन्यांचं आहे.

शेवंती

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर आधी डॉक्टर, औषध नंतर. एवढ्या लहान वयात गंभीर संसर्गाचं ताप हे एकच लक्षण असू शकतं. घरी औषध देऊन वाट बघत बसलं तर नेमका मोलाचा वेळ जातो. लशीनंतरचा ताप असेल तर लस देणाऱ्यांनी काय सांगितलंय ते पाळा. त्यांनी सांगितल्याशिवाय, ताप येईल म्हणून आधीच औषध देऊन ठेवू नका.

मोठ्या मुलांतही काही खुणा दिसल्या तर डोसाचा विचार बाजूला ठेवून निघायचं : मूल निपचित पडलंय, उठवलं तरी नीट जागं होत नाही, श्वास जोरात किंवा कण्हत चाललाय, मान ताठ आहे, दाबूनही फिके न होणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर आलेत, सात-आठ तास लघवी नाही, काहीच पीत नाही. औषधाने ताप उतरला म्हणून आजार साधा, असं समजू नका. गंभीर आजारातला तापही या औषधाने उतरतो.

माळरान

ताई, तुमच्या रीतीने हिशोब करून पाहिला. मुलीचं वजन १४ किलो. बाटलीवर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम लिहिलंय. मी ३.५ मिली काढलं. तपासून सांगाल?

शेवंती

१४ किलोला १४० ते २१० मिलिग्रॅम. तुमच्या बाटलीत १ मिलीला ५० मिलिग्रॅम. म्हणजे २.८ ते ४.२ मिली. तुमचे ३.५ मिली म्हणजे १७५ मिलिग्रॅम, किलोमागे साडेबारा. अगदी बरोबर. बाटलीवर पेनने "३.५ मिली, १४ किलो" आणि आजची तारीख लिहून ठेवा. मात्र ही बाटली संपून दुसरी आणलीत की १ मिलीला किती मिलिग्रॅम ते आधी बघा. ती १२५ वाली निघाली तर एवढ्याच औषधासाठी ७ मिली लागेल.